पाण्यात मुळातले किती, माणसाचे किती

निसर्गात रसायनशास्त्राच्या काटेकोर अर्थाने शुद्ध पाणी कोठेही आढळत नाही. समुद्रावरून वाऱ्याने आणलेले मीठ आणि हवेतील नत्राची संयुगे पावसाच्या थेंबात जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच विरघळलेली असतात. तेच पाणी मातीतून आणि खडकांच्या भेगांतून झिरपू लागले की त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, फ्लोराइड, क्वचित आर्सेनिकही उतरते. त्यामुळे एखाद्या ओढ्यात किंवा विहिरीत अमुक एक पदार्थ सापडला, एवढ्यावरून तेथे प्रदूषण झाले असा निष्कर्ष काढता येत नाही. माणसाचा हात लागला नसता तर त्या ठिकाणच्या पाण्यात तो पदार्थ किती असता, हे आधी ठरवावे लागते, आणि या प्रमाणालाच त्या पदार्थाची नैसर्गिक पार्श्वभूमी पातळी म्हणतात. हे ठरवण्याची धडपड सुमारे दीडशे वर्षांची आहे. प्रत्येक ठिकाणाचे उत्तर वेगळे असते, आणि ते प्रत्यक्ष मोजण्याची संधी फार थोडा काळ उपलब्ध असते, या दोन गोष्टी तिच्यातून हळूहळू, आणि पुष्कळदा संधी हुकल्यानंतर, लक्षात येत गेल्या.

या विचाराचे एक प्रारंभिक रूप एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते. पटकीच्या साथींनी हादरलेल्या लंडन शहराला पिण्याचे पाणी कोठून आणावे हा वाद तेथे ऐन भरात असताना एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातील नत्राच्या आधारे त्याचा पूर्वेतिहास वाचण्याची पद्धत मांडली. मैल्यातील सेंद्रिय नत्र जमिनीतून झिरपताना अमोनिया, नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट या रूपांत जातो, म्हणजे मैला डोळ्यांना आणि नाकाला जाणवेनासा झाला तरी त्याची खूण पाण्यात राहते, असे त्याचे म्हणणे होते. या तीन रूपांतील नत्राची बेरीज करून, लंडनच्या सरासरी सांडपाण्यात एक लक्ष भागांत दहा भाग नत्र असतो असे धरून, त्या पाण्यात पूर्वी किती सांडपाणी मिसळले असावे याचा तो हिशेब करी. मात्र बेरजेतून तो प्रथम एक लक्ष भागांत 0.032 भाग एवढा नत्र वजा करीत असे, कारण तेवढा नत्र पावसाच्या पाण्यात स्वभावतःच असतो असे त्याचे मापन होते. नदी-प्रदूषण आयोगाचा सदस्य या नात्याने त्याने 1874 सालच्या सहाव्या अहवालात ब्रिटनमधील असंख्य विहिरी, झरे आणि नद्या याच हिशेबाने तपासल्या.

ही छोटीशी वजाबाकी महत्त्वाची आहे, कारण तिच्यात निसर्गाचा वाटा आणि माणसाचा वाटा वेगळे काढण्याचा हेतू स्पष्ट दिसतो. पण तिची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. साऱ्या देशासाठी एकच आकडा वजा केल्यामुळे पाऊस सोडून बाकी सर्व नत्र मैल्याच्या खात्यावर पडत असे, मग ते पाणी ग्रॅनाइटच्या डोंगरातले असो की खडूच्या खडकातील खोल विहिरीचे. मातीतील नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर सजीवांमुळे होते हे श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी 1877 साली दाखवले. म्हणजे हा आयोग काम करीत होता तेव्हा मातीच्या या अंगभूत व्यापाराचा उलगडाही झालेला नव्हता. स्थळानुसार बदलणारी पार्श्वभूमी ही कल्पना या हिशेबात बसतच नव्हती.

ती बसवण्याचे काम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाले, आणि त्यासाठी जो पदार्थ निवडला गेला तो आश्चर्य वाटावे इतका साधा होता: मीठ. या राज्यात 1869 सालापासून आरोग्य मंडळ होते. कापड गिरण्यांच्या शहरांची वाढ, नद्यांत सोडले जाणारे मैलापाणी आणि त्याच नद्यांतून पिण्यासाठी उचलले जाणारे पाणी यांचा मेळ बसेनासा झाल्यावर 1886 साली विधिमंडळाने अंतर्देशीय जलाशयांच्या शुद्धतेच्या रक्षणाचा कायदा केला आणि या मंडळावर राज्यातील सर्व पाणीपुरवठ्यांची देखरेख सोपवली. मंडळाचे सदस्य असलेले जलअभियंता हायरम मिल्स यांच्या पुढाकाराने 1887 साली मेरिमॅक नदीकाठी लॉरेन्स येथे प्रयोगकेंद्र उभे राहिले. त्याच वर्षी राज्यभरातील पाण्याच्या रासायनिक तपासणीचे काम मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक थॉमस ड्राऊन यांच्याकडे आले, आणि प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष कामाचा मोठा भार एलेन स्वॉलो रिचर्ड्स यांनी उचलला. रिचर्ड्स या त्या संस्थेत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री होत्या. 1873 साली त्यांनी तेथून पदवी घेतली आणि 1884 पासून 1911 मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्या तेथे आरोग्यविषयक रसायनशास्त्र शिकवत राहिल्या.

क्लोराइडची निवड कशामुळे झाली हे समजून घेणे आवश्यक आहे. (त्या काळच्या अहवालांत त्याला नुसते क्लोरीन म्हटलेले असते, ते आज नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घालतात तो क्लोरीन वायू नव्हे, मिठाचा घटक असलेला क्लोराइड होय.) माणूस आणि जनावरे जेवढे मीठ खातात त्यातील बहुतेक सारे मूत्रावाटे बाहेर पडते, स्वयंपाकघरातील मीठही मोरीतून वाहून जाते, आणि एकदा पाण्यात गेलेला क्लोराइड मातीला चिकटत नाही, जीवाणूंकडून खाल्ला जात नाही, उडून जात नाही. नत्राची रूपे बदलतात, त्यातील काही भाग वनस्पती शोषून घेतात. क्लोराइड मात्र जसाच्या तसा पुढे वाहतो. शिवाय त्याचे मापन स्वस्त आणि खात्रीचे होते: पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण हळूहळू सोडले की सगळा क्लोराइड संपताक्षणी लालसर रंग उमटतो, आणि तोवर किती द्रावण लागले यावरून प्रमाण कळते. ज्या पाण्यात क्लोराइड अगदी कमी असेल ते पाणी आधी आटवून घट्ट करावे लागे, आणि नैसर्गिक पातळी ठरवणाऱ्यांची नेमकी अशाच पाण्याशी गाठ होती.

मंडळाच्या रसायनतज्ज्ञांनी गावोगावच्या पाणीपुरवठ्यांचे नमुने महिन्यामागून महिने तपासले, त्यांची संख्या हजारोंच्या घरात गेली. त्यातून वस्तीपासून दूर असलेली, ज्यांच्या पाणलोटात घरे वा गोठे नाहीत अशी तळी, ओढे आणि झरे वेगळे काढून त्यांचे क्लोराइडचे आकडे राज्याच्या नकाशावर मांडले, तेव्हा एक सुरेख सुसंगती प्रकट झाली. अटलांटिक समुद्रात घुसलेल्या केप कॉडच्या भूशिरावर दशलक्ष भागांत दहाहून अधिक असलेले हे प्रमाण किनाऱ्यापासून आत येताना आधी झपाट्याने आणि मग संथपणे उतरत जाऊन राज्याच्या पश्चिम टोकाच्या डोंगरांत एकाच्या आसपास येत होते. समान क्लोराइडची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा काढल्या तर त्या जवळपास किनाऱ्याला समांतर जात होत्या. समुद्रावरचा वारा लाटांच्या तुषारांतील मीठ आत वाहून नेतो, ते पावसाबरोबर खाली येते, आणि पडलेल्या पावसाचा बराचसा भाग बाष्प होऊन परत गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण पावसातल्यापेक्षा वाढते, अशी त्याची उपपत्ती होती. मंडळाने 1890 साली प्रसिद्ध केलेल्या बृहत् अहवालात आलेला हा नकाशा ‘सामान्य क्लोरीनचा नकाशा’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

या नकाशाने पाण्याच्या परीक्षेची रीतच पालटली. तोवर विश्लेषक अमुक प्रमाणापर्यंत पाणी चांगले आणि त्यापुढे वाईट असा एकच सार्वत्रिक दंडक शोधत असत. आता दशलक्ष भागांत सहा भाग क्लोराइड हा आकडा केप कॉडवरच्या विहिरीत पूर्णपणे निर्दोष ठरत होता आणि तोच आकडा पश्चिम टोकाच्या बर्कशर डोंगरांतील विहिरीत आढळला तर शेजारच्या शौचखड्ड्याकडे बोट दाखवत होता. मंडळाचे मुख्य अभियंता फ्रेडरिक स्टर्न्स यांनी पुढे जाऊन लोकसंख्येशी त्याचे गणित जुळवले: पाणलोटाच्या दर चौरस मैलात वीस माणसे, म्हणजे साधारण चार कुटुंबे, राहत असतील तर तेथून वाहणाऱ्या पाण्यातील क्लोराइड सरासरीने एक लक्ष भागांत 0.01 भागाने वाढतो, असे त्यांना आढळले. एखाद्या तळ्याच्या क्लोराइडमधून नकाशावरची सामान्य पातळी वजा केली की त्या तळ्याभोवती किती माणसे राहतात याचा अंदाज बांधता येई. फ्रँकलंडच्या वजाबाकीतला देशभराचा स्थिर आकडा जाऊन त्याच्या जागी जागोजाग बदलणारा आकडा आला होता, आणि नैसर्गिक पार्श्वभूमीच्या संकल्पनेचा खरा जन्म येथेच झाला असे मानणे योग्य ठरेल.

या कामाची थोरवी त्याच्या वेळेतही आहे. 1880 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील नद्यांच्या काठी गिरण्या उभ्या होत्या, पण त्यांच्या मागे मैलोगणिक अशी रानातली तळी शिल्लक होती की ज्यांच्यापर्यंत माणसाचे मीठ पोहोचलेले नव्हते. रिचर्ड्स आणि त्यांचे सहकारी जे मोजत होते ते अनुमानाने काढावे लागत नव्हते, ते समोर होते. ही सवलत त्यांच्यानंतरच्या फार थोड्या संशोधकांना लाभली.

न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागातील रसायनतज्ज्ञ डॅनियल जॅक्सन यांनी ही पद्धत न्यू इंग्लंडमधील इतर राज्यांना आणि न्यूयॉर्कला लावून 1905 साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतर्फे विस्तृत नकाशा प्रसिद्ध केला. तेथे तिची मर्यादा उघड झाली. न्यूयॉर्क राज्याच्या मध्यभागी सिराक्यूस परिसरात जमिनीखाली मिठाचे थर आहेत आणि तेथे खारे झरे फुटतात. अशा भागात समुद्रापासूनचे अंतर काहीच सांगत नाही. वऱ्हाडातील वाचकाला हे लगेच पटेल. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात गाळाच्या जाड थरांमधील भूजल मुळातच खारे आहे, आणि पूर्वी तेथील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जात असे. अशा विहिरीत क्लोराइड भरपूर निघाला म्हणून तिच्यात मैला मुरला असे म्हणता येत नाही, आणि तो मुरला असला तरी क्लोराइड ते सांगू शकत नाही, कारण निसर्गाच्या मिठात माणसाचे मीठ बुडून जाते. पार्श्वभूमी जेवढी उंच, तेवढी तिच्यावरची भर ओळखणे कठीण. हा नियम पुढे धातूंच्या बाबतीतही तसाच खरा ठरला.

दरम्यान आरोग्यशास्त्राचे लक्ष दुसरीकडे वळले. लोवेल आणि लॉरेन्स या शहरांत 1890-91 च्या सुमारास आलेल्या विषमज्वराच्या साथीचा माग विल्यम सेजविक यांनी मेरिमॅक नदीपर्यंत लावला, 1893 साली लॉरेन्समध्ये वाळूची गाळणी सुरू झाली, आणि पाण्यातील जीवाणू थेट मोजता येऊ लागल्यावर मैल्याची खूण शोधण्यासाठी क्लोराइडचा आधार घेण्याची निकड उरली नाही. नकाशा ग्रंथालयांत राहिला. त्याचे मोल पुन्हा कळले ते निराळ्याच कारणाने. रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकण्याचे धोरण न्यू हॅम्पशर राज्याने 1941 साली सुरू केले, युद्धानंतर ते थंड प्रदेशातील सर्व राज्यांत पसरले, आणि अमेरिकेतील रस्त्यांवर पडणारे मीठ कालांतराने वर्षाला एक कोटी टनांच्या वर गेले. ईशान्य अमेरिकेतील ओढ्यांच्या 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण भागांतही क्लोराइड सतत चढत असल्याचे, आणि काही ठिकाणी हिवाळ्यात तो समुद्राच्या पाण्यातील प्रमाणाच्या चतुर्थांशापर्यंत पोहोचत असल्याचे दिसून आले. आज त्या प्रदेशात महामार्गाजवळचे तळे मुळात कसे होते हे त्या तळ्याला विचारून कळत नाही. शतकापूर्वी नोंदलेल्या आकड्यांकडेच जावे लागते.

जेथे असे जुने आकडे नव्हते तेथे काय घडले याचे सर्वांत बोलके उदाहरण शिशाचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाणी, अन्न आणि माणसाचे रक्त यांत सर्वत्र शिसे सापडत होते, आणि पेट्रोलमध्ये घालायच्या शिशाच्या उद्योगाशी संबंधित असलेले वैद्यकतज्ज्ञ रॉबर्ट कीहो यांचे प्रतिपादन असे होते की जे सर्वत्र सापडते ते नैसर्गिकच असले पाहिजे. उल्कांमधील शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून, पृथ्वीचे वय 455 कोटी वर्षे ठरवणारे क्लेअर पॅटर्सन यांना याच कामात असे आढळले होते की प्रयोगशाळेची हवा, भांडी, अभिकर्मके आणि खुद्द संशोधकाची त्वचा यांतून नमुन्यात शिसे शिरते. त्यांनी कमालीची स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. मित्सुनोबू तात्सुमोतो यांच्याबरोबर 1963 साली प्रसिद्ध केलेल्या कामात महासागराच्या पृष्ठभागाजवळच्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा कितीतरी अधिक शिसे असल्याचे त्यांनी दाखवले; याचा अर्थ शिसे वरून, हवेतून, आणि अलीकडच्या काळात येत होते. 1965 सालच्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी सर्वसाधारण पातळी आणि नैसर्गिक पातळी यांतील भेद निक्षून मांडला. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांवरील 1969 सालच्या अभ्यासातून हा भेद किती मोठा आहे ते दिसले: सुमारे इसवी सनापूर्वी 800 च्या बर्फाच्या तुलनेत 1960 च्या दशकातील बर्फात शिसे दोनशे पटींहून अधिक होते. कॅलिफोर्नियातील उंच पर्वतांमधल्या थॉम्पसन कॅनियन या निर्जन खोऱ्याविषयी 1974 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही खोऱ्यात येणारे बहुतांश शिसे माणसाच्या उद्योगातून हवेवाटे आलेले निघाले. मॅसॅच्युसेट्समध्ये वस्तीपासून दूर जाणे पुरेसे होते. शिशाच्या बाबतीत दूर असे ठिकाणच पृथ्वीच्या पाठीवर उरलेले नव्हते, आणि म्हणून काळातच मागे जावे लागले.

खाणींच्या प्रदेशात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण खाण नेहमी तेथेच निघते जेथे खडकात धातू आधीच मुबलक आहेत. न्यू मेक्सिकोतील क्वेस्टा येथे मॉलिब्डेनमच्या खाणीखालील भूजल खाणीपूर्वी कसे होते हे ठरवण्याचे काम 2001 साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेकडे आले. खाणीपूर्वीचे भूजल तर कोणी मोजलेले नव्हते. तेव्हा डॅरेल नॉर्डस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी त्याच रेड रिव्हरच्या खोऱ्यातील, तशाच पायराइटयुक्त उघड्या कड्यांचे, पण कधीही न खणलेले स्ट्रेट क्रीकचे पाणलोट क्षेत्र निवडून ते प्रतिरूप म्हणून तपासले. पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज. हवा आणि पाणी लागताच त्यापासून गंधकाम्ल बनते. कुदळ न लागलेल्या या ओढ्याच्या पाण्याचा सामू तीनच्या आसपास होता आणि त्यात ॲल्युमिनियम, मँगॅनीज, जस्त व फ्लोराइड पुष्कळ होते. खाण कंपनीला तिने केलेल्या बिघाडापुरतेच जबाबदार धरायचे, आणि तेवढे मात्र नक्की धरायचे, तर अशी तुलना टाळता येत नाही. परंतु प्रतिरूप किती तंतोतंत निवडले यावर कोट्यवधींचा खर्च अवलंबून असल्यामुळे या तुलनेत भूविज्ञानाइतकीच सचोटीही लागते.

युरोपीय संघाने 2000 सालच्या जलविषयक चौकट-निर्देशानंतर आणि 2006 सालच्या भूजल-निर्देशाबरोबर हे सारे शासकीय नियमात आणले. ‘ब्रिज’ नावाच्या संयुक्त प्रकल्पाने सुचवलेली पद्धत थोडक्यात अशी: एका जलधरातील, म्हणजे पाणी साठवणाऱ्या खडकाच्या थरातील, उपलब्ध सर्व नमुने घ्यावेत, ज्यांत नायट्रेट लिटरला 10 मिलिग्रॅमहून जास्त आहे ते माणसाचा हात लागलेले समजून वगळावेत, फार खारे नमुनेही वगळावेत, आणि उरलेल्या नमुन्यांपैकी नव्वद टक्के ज्याच्या खाली येतात तो आकडा नैसर्गिक पार्श्वभूमी पातळी मानावा. या चाळणीत फ्रँकलंडचा नत्र पुन्हा मैल्याची आणि आता खताचीही खूण म्हणून उभा आहे हे विशेष. पद्धत उपयुक्त आहे, कारण तिच्यामुळे निरनिराळ्या देशांना एकाच रीतीने बोलता येते. पण नायट्रेट नष्ट करणाऱ्या प्राणवायूहीन थरांत प्रदूषित नमुनाही ही चाळणी पार करून जातो, म्हणून प्राणवायू असलेले आणि नसलेले पाणी वेगवेगळे हाताळावे लागते. खरी अडचण पुढे आहे. पार्श्वभूमी पातळी पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेहून अधिक निघाली, तर या पद्धतीत पार्श्वभूमी पातळीच उंबरठा मानली जाते, कारण निसर्गाने केलेल्या गोष्टीसाठी कोणाला दंड करता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. ते पाणी पिणाऱ्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

भारतात हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे फ्लोराइडने विचारला. तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हाडे ताठरणे, मणका वाकणे, दातांवर डाग पडणे अशा व्याधींचे कारण विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड आहे असे शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी 1937 साली दाखवून दिले. त्यात कोणत्याही कारखान्याचा संबंध नव्हता. ग्रॅनाइटसारख्या खडकांतील फ्लोराइडयुक्त खनिजांतून, विशेषतः जेथे पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त असते तेथे, हे द्रव्य पाण्यात उतरते. ते निखळ नैसर्गिक आहे आणि तरीही अपाय करते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील कित्येक गावांत हीच स्थिती आहे. खडकात फ्लोराइड निसर्गाने ठेवला हे खरे, परंतु उथळ विहिरी आटल्यावर खोल बोअरवेल खणून तो घागरीपर्यंत आणला माणसाने, आणि पार्श्वभूमी पातळीचा आकडा या दुसऱ्या गोष्टीबद्दल काहीही बोलत नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 1.0 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅम अशी आहे, आणि ती प्रमाणे नैसर्गिक की कृत्रिम याची चौकशी करीत नाहीत, ती पिणाऱ्याचा विचार करतात.

या पाण्यासाठी भारतात पुढे आलेल्या उपायांपैकी एक नागपुरात घडला. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात नलगोंडा पद्धत विकसित केली; तिचे नाव ज्या जिल्ह्यावरून पडले तो आज तेलंगणात आहे. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लिचिंग पावडर घालून ते ढवळायचे, साका खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे, एवढी ती सोपी आहे. मात्र तुरटी किती घालायची हे त्या विहिरीच्या पाण्यात मुळात फ्लोराइड किती आहे आणि पाण्याची आम्लता शमवण्याची क्षमता किती आहे या दोन्हींवर ठरते. कमी पडली तर फ्लोराइड उरतो, जास्त झाली तर ॲल्युमिनियम पाण्यात राहते. त्यामुळे एका गावचे माप दुसऱ्या गावाला चालत नाही, आणि पहिली चिमूट टाकण्यापूर्वी प्रत्येक विहिरीचे पाणी स्वतंत्रपणे तपासावेच लागते.